हाडांच्या डॉक्टरीणबाईंची मोटार

शैलाकाकूंनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन गावात मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी साबुदाणावड्यांचा ट्रे घेऊन दारातून आत शिरत होते. त्या समोरून आल्या, ट्रे काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, माझा उजवा हात कोपराशी धरला आणि रहाटासारखा गोल फिरवला. खांद्यात कट्ट वाजलं.

"कधीपासून दुखून राहिला?"

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"ट्रे उजवीकडे कलला होता. वडे घरंगळून राहिले होते, बाप्पा!"

काकू हाडांच्या डॉक्टर. नागपूरहून तरुणपणी आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि खुबे जोडण्यात गेलं. इंग्रजी इथलं झालं, मराठी मात्र नागपूरचंच राहिलं. माणसाच्या सांध्यांइतकाच त्यांना मोटारींच्या सांध्यांचा नाद. कुणाच्याही गाडीत बसण्याआधी त्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवून बघायच्या. "ढिलं आहे. दाखवून घे," एवढं सांगून मग मागच्या सीटवर बसायच्या. गाडीचा मालक पुढचे दोन दिवस अस्वस्थ.

निवृत्त झाल्यावर काकू बागकाम करतील किंवा भजनी मंडळ काढतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. काकूंनी मोटारीचं किट मागवलं. जुन्या धाटणीची, बिनछपराची, दोन माणसांची गाडी सुट्ट्या भागांत खोक्यांतून आली आणि गराजभर पसरली. इंजिन आणि स्टिअरिंग भंगारातल्या एका गाडीचं.

"लोक गाडी विकत घेतात," मधुकाका म्हणाले. "आमच्याकडे शिवायला घेतली आहे."

मधुकाका म्हणजे काकूंचे यजमान. पुण्याचे, निवृत्त अकाउंटंट, जिन्यावरूनही कठडा धरून उतरणारे. गराजमध्ये ते पाऊल टाकत नसत. स्वयंपाकघराच्या दारातून हाक यायची, "शैला, चहा झालाय. आणि तू जिवंत आहेस का?"

"आहे!"

"मग साखर घालतो."

गाडी बरीचशी उभी राहिली आणि स्टिअरिंगपाशी अडली. हातातल्या चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत वळण पोचवतो तो लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. इथे वरचा भाग भंगारातल्या गाडीचा, खालचा किटमधला. वरचे दाते खालच्या दात्यांत बसेनात, आणि सरळ रेषेत मध्येच इंजिनाचा धुराचा पाइप आलेला. त्यातच गणपती जवळ आले. मंडळाचा अध्यक्ष विनय याने मिरवणुकीत बाप्पा काकूंच्याच गाडीतून येणार असं सगळ्यांना इमेल करून कळवून टाकलं होतं. विनय सॉफ्टवेअरमधला, पण त्याने सेलमध्ये वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं आणि त्याचा हात शिवशिवत होता.

"काकू, टेन्शन नका घेऊ यार. मध्ये एक रॉड टाकतो, दोन्हीकडून वेल्ड करतो. दहा मिनिटांचं काम."

काकूंनी त्याला स्टुलावर बसवलं. "विनय, मोडलेलं हाड मी कधी डिंकानं चिकटवलं का?"

"नाही."

"तुझा जोड वळणावर तुटला तर स्टिअरिंग माझ्या हातात राहील आणि गाडी आपल्या वाटेनं जाईल. आणि नाही तुटला, पण समोरून धडक बसली, तर?" त्यांनी हातातला पाना त्याच्या छातीवर टेकवला. "सरळ दांडा इथून येतो अन् पाठीतून निघतो. त्याला शाफ्ट नाही म्हणत, भाला म्हणतात."

विनय पान्याकडे बघत हळूच स्टुलावरून उतरला.

काकूंनी दोन्हीकडच्या दात्यांना बरोबर बसतील असे सांधे मागवले, आणि मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा शाफ्ट, म्हणजे धडक बसली तर तो आत दुमडेल. पार्सल यायला वेळ होता. विनय रडकुंडीला आला. शेवटी तोडगा काकूंनीच काढला.

शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये मिरवणूक निघाली ती अशी: पुढे विनयचा पिकअप ट्रक, त्यामागे झेंडूच्या माळांनी झाकलेला ट्रेलर, ट्रेलरवर काकूंची गाडी. शेजारच्या सीटवर गणपती आणि ड्रायव्हरच्या जागी पैठणी नेसलेल्या काकू, कशालाही न जोडलेलं स्टिअरिंग मन लावून फिरवत. माळा इतक्या दाट होत्या की खालचा ट्रेलर दिसतच नव्हता. "काय स्मूथ चालतेय हो!" माझ्या शेजारचे एक काका म्हणाले. कोपऱ्यावर ट्रक डावीकडे वळला, नेमकं तेव्हा काकू कुणाला तरी हात करण्याच्या नादात स्टिअरिंग उजवीकडे फिरवत होत्या. गाडी डौलात डावीकडे गेली. ते काका ओरडले, "अहो, लेफ्ट! लेफ्ट!" काकूंनी दोन्ही हात सोडून त्यांना नमस्कार केला. काकांनी डोळे मिटले. ढोलवाल्या पोरांचा ताल पार बिघडला.

पार्सल आल्यावर जोडणीला मला बोलावलं. मी सीटवर बसून स्टिअरिंग फिरवायचं आणि काकू खाली आडव्या पडून ऐकणार.

"फिरव. सावकाश. थांब! कुठं अडलं?"

"अडलं नाही, जरा जड झालं."

"तेच अडणं असते, पोरी. पेशंटबी असंच सांगते."

वरचा आणि खालचा सांधा एका रेषेत बसला नव्हता. त्यांनी सगळं उतरवून पुन्हा लावलं. पाइपपासून शाफ्ट पुरेसा लांब आहे ना, ते बोटं घालून पाहिलं. प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. बोल्ट सैलावला की रेघ तुटलेली दिसणार. मग मला वाटलं, झालं. पण काकूंनी जुन्या गाड्या बांधणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावून सगळं पुन्हा तपासून घेतलं. "आपलं ऑपरेशन आपणच पास करायचं नसते," त्या म्हणाल्या.

मधुकाका मात्र त्या गाडीत बसायला तयार नव्हते. काकू रोज विचारायच्या, ते रोज नाही म्हणायचे.

पुढच्या वसंतात एका रविवारी सकाळी काकू गाडी घेऊन निघाल्या. मी माझ्या गाडीतून मागे होते. ऑफिसांच्या मागच्या तळ्याशी कॅनडा गीझचं, म्हणजे जंगली हंसांचं, एक अख्खं कुटुंब पिल्लांसकट रस्त्यात उतरलं. काकूंनी ब्रेक मारला, स्टिअरिंग वळवलं. चाकांनी निमूट ऐकलं, पिल्लं वाचली, आणि गाडी फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबावर आदळली. पुढचं तोंड पार आत गेलं.

मी धावले. काकू पट्टा सोडून बाहेर आल्या होत्या आणि गाडीच्या नाकात डोकं खुपसून बघत होत्या. तेवढ्यात पोलीस आला, कोवळ्या वयाचा.

"मॅम, प्लीज हलू नका. कुठे लागलंय?"

"लागलं नाही. इकडे ये, इकडे ये!" काकू इंग्रजीत आनंदाने ओरडल्या. "बघ, कसा दुमडलाय! माझ्याकडे एक इंचसुद्धा आला नाही!" त्यांनी त्याला हाताला धरून वाकायला लावलं आणि शाफ्ट दाखवला. हंस रस्त्यात उभे राहून ठणाणा करत होते. पोलिसाने शाफ्ट पाहिला, काकूंना पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

मी फोन केला तसे मधुकाका आले. काकूंनी त्यांनाही ओढून शाफ्ट दाखवायला सुरुवात केली. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी काकूंचं मनगट दाबलं, मग कोपर, मग खांदा.

"इथे दुखतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो. मी डॉक्टर आहे, मला कळते."

"शैला, मग थोडी रड तरी. मला जरा बरं वाटेल."

काकू हसायला गेल्या आणि खरोखरच रडल्या, फुटपाथवर बसून, भर रस्त्यात. काका शेजारी बसून त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले.

ते दोघं गेल्या वर्षी शॉमबर्ग सोडून दूर पश्चिमेला, बेलव्ह्यूला त्यांच्या मुलीजवळ राहायला गेले. जाण्याआधी काकूंनी गाडी पुन्हा बांधली. शेवटच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला गेले, तर मधुकाका गराजमध्ये होते. पायांत बाहेर जायचे बूट, हातात टॉर्च, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव.

"शैला," ते गाडीखाली बघून म्हणाले, "यात पट्टा एकच आहे. दुसऱ्या सीटचा कुठाय?"

गाडीखालची खुडबूड थांबली.

"मागवते," काकू खालूनच म्हणाल्या.