नानांच्या झोक्याचा प्रश्न

मला प्रश्न विचारायला शिकवलं ते नाना गुरुजींनी. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मागून.

सकाळची पाळी संपवून सूतगिरणीच्या फाटकाबाहेर आले, तर भावाचा फोन. "ताई, नाना ग्यात." नाना गेल्याचं एवढंच बोलला. इकडे कोइमतूरला माझ्या आजूबाजूला सगळ्या तमिळ बोलणाऱ्या बाया. कुणाला काय सांगू? कानातला कापूस काढला, तोंड धुतलं आणि खोलीवर आले. त्याला आता काही आठवडे झाले. रडायलाही निवांतपणा लागतो, तो अजून मिळालेला नाही...

नाना आमच्या साक्रीकडच्या गावात विज्ञान शिकवायचे. शाळेत शिकवायचे तसेच आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही. आखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष माणूस तिकडे फिरकत नाही. नाना मात्र यायचे, लांब उभे राहायचे. एका वर्षी त्यांनी विचारलं, "जाडी बसनी आनि बारकी बसनी, कोणाचा झोका हळू जास?" सगळ्या हसल्या. माझी थोरली बहीण मालतीअक्का अंगाने चांगली भरलेली, ती म्हणाली, "नाना, दोर तुटना ते तुमनाच आंगवर पडसू!" नाना म्हणाले, "पड, पन पहिले अंदाज सांग." सगळ्यांचा अंदाज एकच, अक्काचाच हळू जाणार. मग नानांनी सांगितलं, धक्का द्यायचा नाही, नुसतं सोडायचं, आणि गाण्याचं एक कडवं संपेपर्यंत झोके मोजायचे. आधी अक्का बसली, मग मी. कडवं तेच, झोके तेवढेच. अक्का म्हणाली, "म्हंजे मी बारीकच शे!" त्या दिवशी आख्खं गाव तिला 'बारकी' म्हणत होतं.

मी मात्र फळीवर उभी राहिले, तर झोका लवकर परतायला लागला. धावत जाऊन नानांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "हाई ते मी इचारंच नव्हतं." उत्तर मात्र माझ्यावरच सोडलं. सुतळीला दगड बांधून कितीतरी दिवस मी हलवत बसले, लांब दोरी, आखूड दोरी. आखूड दोरीचा दगड लवकर परतायचा. मग डोक्यात उजेड पडला की उभी राहिले म्हणजे माझा भार वर गेला, दोरी आखूड झाल्यासारखंच झालं. ते सांगितलं तेव्हा नाना वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "हे हिनं शोधलं." तेवढं वाक्य मला आजवर पुरलंय.

आठवीनंतर शाळा सुटली. आई आजारी, पुढची शाळा लांब, एसटीचा भरवसा नाही. नाना आमच्या ओट्यावर दोनदा येऊन बसले, बापाशी बोलले. बापही काय करणार होता? जाताना मला म्हणाले, "शाळा सुटनी, पन इचारनं सोडू नको." मी सोडलंच जवळजवळ. लग्न, मग ही गिरणी, यंत्रांचा आवाज. कुणाला विचारणार होते?

मग माझी तन्वी विचारायला लागली. मला उत्तरं येत नव्हती आणि माझा जीव घाबरायचा, की हिचंही माझ्यासारखंच होईल. म्हणून मी रविवारी नानांना फोन लावून द्यायचे. शेवटच्या फोनवर तिने विचारलं, "नाना, चंद्रावर झोका बांधला तर?" पलीकडून खोकला, मग, "पहिले अंदाज सांग." ती म्हणाली, "तिथे ओढ कमी, म्हणजे हळू जाईल." नाना हसले. "आखाजीला ये, निंबाखाली बसून बोलूत." आखाजीला रजा मिळाली नाही. आणि मग हा फोन.

तेव्हापासून तन्वी दर रविवारी मोबाईल उचलते, ठेवते. परवा म्हणाली, "आई, आता कुणाला विचारू?"  उशीला डोकं टेकवावं आणि झोपावं एवढंच वाटत होतं. पण मी उठले, गिरणीतून आणलेला जाड धागा घेतला, दगड बांधला आणि खोलीच्या दारात टांगला. तन्वी बघत राहिली. मी म्हटलं, "मलाच विचार. मला सगळं येत नाही. पण पहिले अंदाज सांग. उत्तर दोघी मिळून शोधू."

तिने दगड एका बाजूला ओढला. मग धागा हातात धरून म्हणाली, "हा किती झोके घेऊन थांबेल? आधी तू सांग."

तो दगड अजून दारात आहे. पंखा लावला की हलतो, जाता-येता डोक्याला लागतो, काढायचं मात्र कुणी म्हणत नाही. नाना, पुढच्या आखाजीला रजा मिळो न मिळो, मी तन्वीला घेऊन येईन. त्या निंबाला झोका बांधेन, गावातल्या पोरी गोळा करेन आणि तुमचा प्रश्न आधी अक्काला विचारेन. तुमचं एवढं तरी मी फेडीन.