मनगट धरणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका आगाऊ माणूस हिमायतनगरपासून शिरूर अनंतपाळपर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. लोक भेटल्यावर नमस्कार करतात. मामा पडले डॉक्टर; ते थेट समोरच्याचं मनगट धरतात, घड्याळाकडे बघतात आणि मिनिटभर कुणाला तोंड उघडू देत नाहीत. आमच्या लग्नात मामा म्हणून नवरीच्या मागे उभं राहायचं सोडून त्यांनी अंतरपाटाखालून माझा हात ओढला आणि ऐन मंगलाष्टकांत जाहीर केलं, "एकशे वीस! नवरदेव भिऊन राहिला!" माझ्या वडिलांनी तेव्हाच बजावलं होतं, "व्याही, माझ्या हाताला हात लावायचं काम नाही."

गेल्या वर्षी नांदेडला एका साखरपुड्यात वडील पंगतीतच कोसळले. आणि आमचे नातेवाईक! एकानं कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्यानं सोडा आणला आणि "पित्त हाय" यावर सगळ्यांचं एकमत झालं. तेवढ्यात वडील उठूनही बसले. मामांनी मात्र धरलेलं मनगट सोडलं नाही. "नाडी मधीच थांबून राहिली, अन् म्हणे पित्त! ऑटो बोलवा!" दवाखान्यात छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, तर ती अगदी नॉर्मल. तरुण डॉक्टर म्हणाले, घरी न्या. वडील विजयी मुद्रेनं बटणं लावू लागले. मला इतका संताप आला, की मी सरळ म्हणालो, "मामा, शोभा पुरे झाली." त्यावर ते डॉक्टरांवरच ओरडले, "पट्टी दहा सेकंदांची, माणूस दिवसभराचा! मशीन चालू ठेवा. मी हलत न्हाई." दोन तास ते स्टुलावर मनगट धरून बसले आणि वडील त्यांना शिव्या देत राहिले. एक शिवी अर्ध्यातच राहिली. पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. सात सेकंदांनी ती पुन्हा उठली. त्याच संध्याकाळी वडिलांना पेसमेकर बसला.

आता साखरेच्या आजारानं मामांची बोटं बधिर झाली आहेत. भेटले की चक्क नमस्कार करतात, आणि मला त्याचाच राग येतो. परवा वडिलांनी आपणहून बाही वर सारली आणि हात पुढं केला. मामांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं. मिनिट उलटलं, दुसरंही उलटलं.

"लागत न्हाई हो काही," ते हळूच म्हणाले.

वडिलांनी हात काढून घेतला नाही. "असू द्या व्याही," ते म्हणाले, "धरून बसा."