गाठीतलं आणि रक्तातलं

दादाचा रिपोर्ट घ्यायला मी सोबत गेले होते. त्याच्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. गाठीतल्या काही जनुकांत बदल झाले, की पेशी आपली जागा सोडून पसरतात, असं डॉक्टर समजावत होते. दादाने मध्येच विचारलं, "हे माझ्या मुलीत उतरेल?"

"नाही. रक्तही तपासलंय, त्यात हे बदल सापडले नाहीत. म्हणजे ते जन्मापासूनचे नाहीत, फक्त गाठीतले आहेत."

दादाने डोळे मिटले. महिनाभर आवळलेला त्याचा जबडा सैल झाला. आजार तेवढाच होता, तरी माणूस हलका झाला. काही भीती आपल्यासाठी नसतातच मुळी.

बाहेर येताच त्याने लेकीला फोन लावला. "माझ्याकडून तुला हे आलेलं नाही गं, बाळा."

"पण बाबा, तुझं काय?"

"माझं बघू गं," दादा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.