कुत्र्याने गिळलेला गळ

रविवारी दुपारी तलावाच्या काठावर आमच्या कुत्र्याने मासळी गळासकट गिळली. तोंडातून दोरा लोंबत होता. मी बी.एस्सी.ला शिकणारा; दोरा ओढायला गेलो, तर आईने हातावर फटका मारला. "ओढू नको, गळ आणखी रुतन." तिने दोरा त्याच्या पट्ट्याला बांधला आणि त्याला मांडीवर घेऊन माझ्या मोटरसायकलवर बसली.

साकोलीचा जनावरांचा दवाखाना बंद होता, म्हणून डॉक्टरांच्या घरीच गेलो. ते ताटावरून उठले, दवाखाना उघडला आणि भूल देऊन गळ काढला. "सगळे दोरा ओढूनच आणतात. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मले कोण सांगन साहेब? जनम मासे पकडण्यात गेला."

कॉलेजात मी सांगायचो, आई घरीच असते. सोमवारपासून सांगू लागलो, मासे पकडते.