आधी आभार मानणारे माझे साडू

वैनगंगेपासून वर्धा नदीपर्यंतच्या मुलखात माझ्या साडूंइतक्या कमी कष्टात इतका मोठा मान मिळवलेला माणूस झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर तो माझ्या शेजारी राहायला येऊ नये एवढंच देवाकडे मागणं आहे. हे मी मत्सराने बोलतो आहे का? हो, मत्सरानेच. आता या वयात खोटं कशाला बोलू! भाऊबंदकीचं दुःख मोठं असं लोक म्हणतात, पण त्यांना असा साडू मिळालेला नसतो. भावाशी आपली तुलना आई करते आणि चार दिवसांनी विसरते. साडूशी तुलना बायको करते, आणि तिच्याकडे दोन्ही घरांची बित्तंबातमी असते.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातलं, एका अंगाने कापसाच्या बाजाराला आणि दुसऱ्या अंगाने सागाच्या जंगलाला लागलेलं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या नगरपालिकेत अजून माझी ओळख आहे. मी तिथे शाळामास्तर होतो आणि आमच्या मोहल्ला सुधार समितीचा चिटणीसही. गावात नळ आले होते, पण पाइप आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी, करीमचाचांच्या शिलाई दुकानापर्यंत येऊन थांबला होता. का थांबला ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या बायका रेल्वेफाटकापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या, आणि मालगाडीची वेळ झाली की डोक्यावर भरल्या घागरी घेऊन फाटकाशी ताटकळायच्या. माझी बायकोही त्यांतलीच. लग्न झालं त्या वर्षी मी तिला शब्द दिला होता, "तुझ्या दारापुढे नळ आणीन, आणि माझ्या लेखणीने आणीन." यातला दुसरा भाग तिने मागितला नव्हता.

माझी लेखणी मात्र खरंच चांगली होती. मोत्यासारखं अक्षर, आणि अर्ज असा की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. एका अर्जात मी प्राचीन रोमच्या पाणीपुरवठ्याचा दाखला दिला होता. दुसऱ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या घागरींच्या रोजच्या खेपा मोजून लिहिल्या होत्या. नगरपालिकेतले बडे बाबू माझा अर्ज दोन्ही हातांनी घेत, "वा मास्तर, काय लिहून राह्यले!" म्हणत, आणि कपाटात ठेवत. मधल्या काळात राज्य बदललं, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. माझे अर्जही गेले, त्याच कपाटात बसून.

अशा वेळी साडू आले. गडचिरोलीकडून आमच्या गावच्या लाकूड डेपोवर त्यांची बदली झाली आणि त्यांनी घर घेतलं ते नेमकं आमच्या समोरचं. माझ्या बायकोला आनंदाचं भरतं आलं. तिची थोरली बहीण समोर राहायला आली होती ना! बहिणीबरोबर हे गृहस्थ आले होते: बुटके, गोल, डोक्यावर उन्हाळा-हिवाळा कानटोपी, आणि बोलताना समोरच्याच्या सदऱ्याचं बटन धरून ठेवायची खोड. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेल्या माणसाचं एक तरी बटन लोंबायचंच. करीमचाचा म्हणायचे, "मास्तर, तुम्हारे साडभाऊ आये तबसे मेरा धंदा अच्छा चल रहा है."

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. हा माणूस काम होण्याच्या आधी आभार मानत असे. मोटारीत चढण्याआधी ड्रायव्हरला हात जोडून म्हणायचा, "लई आरामात आनलं बाबा तुनं." मग तो ड्रायव्हर बिचारा खड्डे चुकवत चुकवत गाडी हाकायचा. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा पहिला भात संपायच्या आत माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, दुसऱ्यांदा जो भात वाढला ना तुमी, त्याच्यावरचं तूप काय सुंदर होतं!" बायको लाजली, आत गेली आणि उरलंसुरलं सगळं तूप त्यांच्या ताटात रिकामं केलं. माझ्या भातावर त्या दिवशी नुसतं वरण होतं. बरं, हे सगळं लबाडीने करावं, तर तेही नाही. त्यांना मनापासून वाटायचं की माणूस चांगलं वागणारच आहे, मग आभाराला उशीर कशाला?

मोहल्ल्यात त्यांना पहिलं यश मिळालं ते नालीवरून. ही नाली पावसाळ्यापासून तुंबलेली होती आणि तिच्यावर मी चार अर्ज खर्ची घातले होते. साडूंनी एके सकाळी सफाई जमादाराला भर चौकात गाठलं, त्याचं बटन धरलं आणि दहा लोकांदेखत म्हणाले, "जमादारसाहेब, नाली काय साफ केली तुमी! आरसा हाय आरसा!" जमादाराने नालीकडे पाहिलं. दहाही लोकांनी पाहिलं. जमादाराचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. दुपारपर्यंत माणसं लागली आणि नाली मोकळी झाली. संध्याकाळी बायको म्हणाली, "पाह्यलं? भाऊजीनं कागद नाई घेतला का पेन नाई घेतला." त्या रात्री मी भात कमी खाल्ला, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

पुढच्याच महिन्यात करीमचाचांच्या दुकानासमोर समितीची बैठक भरली आणि साडूंनी ठराव मांडला, की नळ बसवल्याबद्दल नगरपालिकेचे आभार मानावेत. मी उठून उभा राहिलो. "कोणता नळ?" साडू म्हणाले, "जो बसन तो." मी नियम सांगितले, परंपरा सांगितली, शेवटी रोमही सांगितलं. साडू शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचा अर्ज वाचून मानूस गुन्हेगार होते. गुन्हेगार कोनाले कधी काही देते का? त्याले एकदा दानशूर करून तं पाहा!" सगळ्यांनी माना डोलावल्या, बायकांनी तर जास्तच. ठराव पास झाला आणि आभारपत्र लिहायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं.

आता इथे मी जे केलं ते केवळ मत्सरापोटी केलं. मी ठरवलं, लिहायचंच आहे ना, तर असं लिहू की वाचणारा थक्क झाला पाहिजे. आभार म्हणजे काय ते या लाकूड डेपोवाल्याला कळू दे. मी दोन पानं लिहिली. नळाची तोटी पितळी केली. पहाटेची धार घागरीत पडतानाचा आवाज लिहिला. म्हाताऱ्या बायकांचे आशीर्वाद लिहिले. ओटा कसा घोटीव आणि स्वच्छ आहे तेही लिहिलं. वाचून मलाच तहान लागली. साडूंनी पत्र ऐकलं, डोळे पुसले आणि माझं बटन तोडलं.

पंधरा दिवसांनी मी नगरपालिकेत गेलो तेव्हा बडे बाबू उठून उभे राहिले. "मास्तर, तुमचं पत्र सभेत वाचून दाखवलं. सारे खूश! तुमच्या नळाची फाइल आता बंद केली."

"बंद केली म्हणजे?"

"नळ बसला, आभार आले, मंग फाइल उघडी काऊन ठेवू?" त्यांनी फाइल दाखवली. माझ्या सगळ्या अर्जांवर लाल शाईने लिहिलं होतं, 'काम पूर्ण'. सर्वांत वर माझं आभारपत्र होतं, मोत्यासारख्या अक्षरातलं.

खरं सांगतो, घरी येताना माझी पावलं जमिनीला लागत नव्हती. मोहल्ल्याचा नळ कायमचा बुडाला होता, बायकोला दिलेला शब्द बुडाला होता, आणि मला आनंद झाला होता, कारण साडू तोंडघशी पडले होते! चौकातच मी सगळ्यांना गोळा करून बातमी सांगितली. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. माझी बायको त्याच वेळी विहिरीकडून येत होती. तिने ऐकलं, घागर डोक्यावरच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेली. तेव्हा कुठे माझा आनंद ओसरला आणि मला स्वतःची लाज वाटली.

साडूंनी बातमी ऐकून कानटोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली आणि म्हणाले, "म्हंजे नगरपालिकेच्या कागदावर आपला नळ हाय?" मी म्हणालो, "कागदावर आहे." "मंग चांगलंच झालं की!" दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत गेले आणि तोंडी तक्रार देऊन आले, की आमच्या मोहल्ल्याच्या नळाला पाणी येत नाही. या तक्रारीत एक अक्षरही खोटं नव्हतं.

नवीन नळ द्यायचा तर सभेची मंजुरी लागते. दुरुस्तीला मिस्त्री आपला आपण येतो. तसा तो आला, पाने-हातोडे घेऊन, आणि मोहल्ल्यात दोन चकरा मारून साडूंसमोर उभा राहिला.

"नळ कुठी हाय जी?"

"तेच तं बिघडलं हाय," साडू म्हणाले.

"अवो भाऊ, मी दुरुस्तीवाला! नसलेल्या नळाले काय दुरुस्त करू?"

"मंग तसं लिहून दे ना साहेबाले. लिही, का फाइलीतला नळ जाग्यावर नाई."

मिस्त्री विचारात पडला. "पन मंग पहिले मलेच विचारतीन, का नळ गेला कुठी!"

"विचारतीन तं खरं," असं म्हणून साडूंनी त्याचं बटन धरलं. "मिस्त्री, काय पाइप टाकला तुनं! जनमभर नाव काढतीन बाया."

बडे बाबूंनाही 'काम पूर्ण' लिहिलेलं पुसायचं नव्हतं. आठ दिवसांत करीमचाचांच्या दुकानापासून आमच्या दारापर्यंत दुरुस्ती झाली. सगळा पाइप नवा, ओटा नवा, आणि तोटी पितळी, कारण मिस्त्रीने माझं पत्र समोर ठेवूनच काम केलं होतं.

पाणी आलं त्या सकाळी सगळा मोहल्ला जमला. साडूंनी नारळ माझ्या हातात दिला आणि सर्वांना सांगितलं, "हे मास्तरच्या अक्षराचं पानी हाय. ते पत्र नसतं, तं कागदावर नळ नसता, अन् कागदावर नसता तं इथी नसता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एका घावात नारळ फोडला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. सगळं श्रेय त्याने स्वतः घेतलं असतं तर मला निदान धुसफुसायला तरी जागा राहिली असती. ती जागाही या माणसाने ठेवली नाही. बायकोने पहिली घागर भरली. ती हसत होती. किती वर्षांनी तिला अशी हसताना पाहिली! तिने माझ्याकडे पाहिलं, मग साडूंकडे, आणि त्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमी मनावर घेतलं म्हनून झालं." मी घरात जाऊन मुलांच्या वह्या तपासत बसलो.

दोन वर्षांनी साडूंची सिरोंच्याला बदली झाली. समितीने मला एकमताने अध्यक्ष केलं. माझ्या विरोधात कोणी उभं राहिलं नाही आणि माझ्याशी तुलना करायला समोरच्या घरात कोणी नव्हतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, फक्त नळावर पाण्याला गेलं की बायका विचारायच्या, "मास्तर, तुमच्या साडभाऊचं पत्र आलं का?" माझी तब्येत कशी आहे, समितीचं काय चाललं आहे, हे कोणी विचारत नसे. सव्वाशे मैलांवर बसूनही हा माणूस माझ्या वाट्याची चौकशी खात होता. मी तुटकपणे सांगायचो, "आलं. बरे आहेत."

मग एका पावसाळ्यात नद्यांना पूर आले, सिरोंच्याची वाट बंद झाली आणि पत्रं थांबली. पाणी ओसरलं, दिवाळी गेली, तरी पत्र आलं नाही. बायकोने दोन कार्डं टाकली, मी एक टाकलं. बायका अजून विचारायच्या आणि मी "येईल" म्हणायचो. हळूहळू विचारणंही कमी झालं. एका सकाळी मी बादली घेऊन रांगेत उभा होतो. गप्पा चालल्या होत्या, कोणाच्या घरचं लग्न, कोणाची म्हैस. माझी बादली भरली. मी थोडा थांबलो. पुढचीने घागर लावली, तीही भरली. कोणीच काही विचारलं नाही.

"आमच्या साडूंचं पत्र आलं बरं का," मी मोठ्याने म्हणालो. "सगळ्यांची आठवण काढली आहे."

पत्र आलं नव्हतं.