खांडची प्रणिता

प्रणिताचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती गात नव्हती. पेणजवळच्या जोह्याला तिच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये गणपतींना रंग मारायचं काम चालू होतं, कंप्रेसर धडधडत होता, आणि पितांबराचा पिवळा संपल्याचं ती शेडच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडून सांगत होती. ते शेवटपर्यंत ऐकू गेलं. मी बेस गिटारची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होतो. विराजने मला बोलावलं होतं. त्यांच्या बँडमधून दोन बेसवाले आधीच सोडून गेले होते. मी तिसरा.

बँडचं नाव खांड. खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या पट्ट्यात, शेतीला खाडीच्या पाण्यापासून वाचवायला बांध घालतात. उधाणाच्या भरतीत त्या बांधाला भगदाड पडतं, त्याला खांड म्हणतात. प्रणिताच्या आईचं, मैनामावशींचं, माहेर तिकडचं. एका उधाणात त्यांच्या भावाच्या शेताचा बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं. पुढे बरीच वर्षं तिथं भात झाला नाही. प्रणिताने पहिलं गाणं लिहिलं ते त्यावर, आणि नावही तिनेच दिलं. विराजला ते आवडलं, कारण छोटं होतं आणि कानावर आपटायचं. पुढे पुण्याच्या एका आयोजकाने खांड म्हणजे हिंदीतली साखर समजून पोस्टरवर उसाची मोळी काढली, ती गोष्ट निराळी.

विराज पेणचा. वडील हायस्कूलात शिक्षक, आई बँकेत. ऑस्ट्रेलियातल्या मेटलकोर, म्हणजे किंचाळून गायच्या दणदणीत रॉकच्या, बँडचे व्हिडिओ बघून त्याने गिटार हातात घेतली. पण पेणमध्ये गिटारचा आवाज मोठा केला की शेजारचे दार वाजवायचे. प्रणिताचा चुलतभाऊ साईराज हळदी-लग्नांत बेंजो पार्टीबरोबर ऑक्टोपॅड वाजवायचा. त्याने विराजला जोह्याची शेड दाखवली. गणपती झाले की काही दिवस शेड रिकामी असे. तिथं विराज वाजवायचा, साईराज जुन्या ड्रमवर बसायचा आणि विराजच गायचा. मेटलकोरमधली ती घशाच्या तळातून येणारी किंकाळी त्याला काही केल्या जमत नव्हती. ब्रश धुत बसलेली प्रणिता एकदा हसली. विराज चिडून म्हणाला, तू करून दाखव. तिने केली. पुढचे पंधरा दिवस तिचा आवाज बसला, पण बँडला गायिका मिळाली. नंतर तिने मोबाईलवर बघून बघून घसा न फाडता ओरडायची रीत शिकून घेतली. ते तिला काही एका दिवसात आलं नाही.

मी गेलो त्या दिवशी हंगाम तोंडावर होता, तरी तालीम शेडमध्येच होती. फळ्यांवर शाडूच्या कच्च्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. साईराजने दोन्ही पायांनी ड्रमचं डबल पेडल सुरू केलं, फळ्या थरथरल्या आणि एका मूर्तीचा हात गळून खाली पडला. मैनामावशी कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करत होत्या. त्यांनी कुंचला खाली ठेवला, उठल्या, गिटारच्या वायरी काढल्या नि आम्हाला बाहेर काढलं. म्हणाल्या, "देवाचा हात पाडलात. आता तुमचा राक्षस दुसरीकडे नाचवा."

रोह्याला आमच्या घरामागे बंद पडलेली भाताची गिरण होती. ती मी देऊ केली. मला बँडमध्ये घेतलं ते बेस चांगला वाजवत होतो म्हणून नव्हे, गिरणीमुळे, असं साईराज कायम म्हणायचा. मी काही ते खोडून काढलं नाही. दर रविवारी ती तिघं पेणहून गाडीने रोह्याला यायची, झांजा गोणपाटात गुंडाळून. गाडीत बायका विचारायच्या, कुठल्या लग्नाला चाललाय. प्रणिता सांगायची, आमच्याच.

अशी तीन वर्षं बरी गेली. पनवेलला वाजवलं, ठाण्याला वाजवलं, पुण्यात एकदा चाळीस माणसांपुढे वाजवलं. गावात मात्र बोलणं सुरू झालं होतं. मुलीच्या अंगात येतं, बाहेरचं बघून घ्या, असं कुणीतरी दिनानाथकाकांना, तिच्या वडिलांना, सांगितलं. काका भात आणि वाल पिकवणारे, कमी बोलणारे. त्यांनी प्रणिताला एवढंच विचारलं की हे करून घसा दुखतो का. ती नाय म्हणाली. मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

लग्नाचं मात्र टळेना. स्थळं यायची. प्रणिता प्रत्येक वेळी आधीच आपला व्हिडिओ पाठवून द्यायची, नंतर कुणी शोधून काढायला नको म्हणून. बहुतेकांचा निरोपच यायचा नाही. नागोठण्याचं एक स्थळ तरीही आलं. मुलगा चांगला होता, पण त्याचा मामा म्हणाला की हौस समजू शकतो, लग्नानंतर सोडून दे. प्रणिता त्याला म्हणाली, "मामा, सोडायचंच असतं तर मी तुमच्यासाठी थांबले असते का?" चहा निवायच्या आत पाहुणे गेले. मैनामावशी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, बरं झालं, त्या मामाचं तोंड मलाबी आवडलं नव्हतं.

मग विराज गेला. त्याला मेलबर्नला शिकायला प्रवेश मिळाला होता, आणि त्याच्या जिवाचं शहर ते. गिरणीत बसून त्याने हे सांगितलं आणि म्हणाला की मी परत येईपर्यंत बँड होल्डवर ठेवू. खांडच्या निम्म्याहून जास्त चाली त्याच्या होत्या. प्रणिताने विचारलं की होल्ड म्हणजे किती दिवस. तो कोर्सबद्दल सांगू लागला. तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, रोह्यात गिटार वाजवणारं कुणी आहे का. विराज तिथंच बसलेला होता. मला फार अवघडल्यासारखं झालं, तिला नाही.

मी रोह्याच्या उर्वीला आणलं. ती तेव्हा फार्मसी शिकत होती. गिटार शिकली होती ती गॅदरिंगपुरती. पहिल्या रविवारी बोटांतून रक्त आलं तरी उठली नाही. तिचं वाजवणं विराजइतकं सफाईदार नव्हतं, पण त्यात एक खरखर होती, आणि प्रणिताचा आवाज त्या खरखरीवर जास्त नीट बसायचा. लॉकडाऊनमध्ये गिरणीला कुलूप लागलं, तरी दोघी फोनवर गाणी करत राहिल्या. त्यातून सहा नवी गाणी झाली. त्यांत विराजचं काहीच नव्हतं.

खरा तडाखा साईराजचा होता. त्याला डोलवीला कंपनीत कंत्राटावर काम लागलं. शिफ्ट बदलत्या, सुट्टीचा नेम नाही. सुरुवातीला तो रात्रपाळी करून तसाच रोह्याला यायचा आणि ड्रमवर बसल्या बसल्या पेंगायचा. मग मुलगी झाली. एके दिवशी त्याने ड्रमच्या काठ्या प्रणिताच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "ताय, माझ्याच्यानं नाय होत आता." ती लहानपणापासून त्याच्याबरोबर वाढलेली. तिने त्याला थांब म्हटलं नाही. त्या दिवशी आम्ही ड्रमशिवाय सगळी गाणी वाजवली. वाईट झाली, पण तिने एकही गाळू दिलं नाही.

ह्याच सुमारास उर्वीला इंटरनेटवर खांड सापडली. आमची नव्हे. मेलबर्नची. विराजने तिकडे चार जण जमवून त्याच नावाने बँड काढला होता. ड्रमवाला आणि दुसरा गिटारवाला स्थानिक, बेसवाला श्रीलंकेचा, गाणारा कुणी दाढीवाला. नावाचा अर्थ त्यांनी नीट लिहिला होता, भारताच्या किनाऱ्यावरचा फुटलेला बांध म्हणून. पण जोहे नाही, प्रणिता नाही, आम्ही कुणीच नाही. आणि तिकडचे लोक त्यांना ऑस्ट्रेलियन मेटलकोरमधला नवा बँड म्हणून नावाजत होते.

प्रणिताने ते पाहिलं आणि फोन परत दिला. दाढीवाला ओरडतो बरा, पण श्वास चुकीच्या जागी घेतो, एवढंच म्हणाली. मला वाटलं, ती हे गिळून टाकणार.

काही महिन्यांनी विराजचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही गिरणीतच होतो. त्यांचा दाढीवाला सोडून गेला होता, त्याआधी ड्रमवालाही. भारतात दौरा ठरलेला, पुण्यात मोठा कार्यक्रम. विराज फार गोड बोलत होता. म्हणाला, तू ये, दौऱ्यात तूच गा, पुढे व्हिसाचंही बघतो, इकडेच राहा, तू खांडची गायिका हो.

"मी खांडचीच गायिका आहे," प्रणिता म्हणाली.

विराज म्हणाला की तेच बोलायचं होतं, आयोजकांना एका नावाचे दोन बँड नकोत. तुम्ही खांड पेण असं काही लावा, किंवा नाव बदला. शेवटी सुरुवात मी केली होती, हे तूही नाकारणार नाहीस.

"नाय नाकारत. सुरुवात तू केलीस. मग तू गेलास, साईराज गेला, बेसवाले गेले. दर वेळी जो उरला त्याला घेऊन आम्ही वाजवलं. तुझ्याकडेबी तेच चाललंय, तुला कळायला पाहिजे." मग तिने फोन तोंडाजवळ घेतला. "आणि बांध कुठं फुटला होता, विराज? मेलबर्नला?"

मी तुझ्या भल्याचंच सांगतोय, असं त्याने सांगितलं. अशी संधी जोह्यात बसून येत नाही म्हणाला. ते खरंही होतं. उर्वीने आणि मी एकमेकांकडे बघितलंही नाही. मला मनातून वाटत होतं की हिने जावं. प्रणिता त्याला म्हणाली की पुण्याच्या कार्यक्रमाला तुला शुभेच्छा, आणि त्याच्या आधीच्या रविवारी रोह्याला खांडचा कार्यक्रम आहे, येता आलं तर ये. कॉल संपला तेव्हा आम्हाला कळलं की रोह्याला आपला कार्यक्रम आहे.

ड्रमवाला नव्हता. प्रणिता बेंजो पार्टीच्या गुणाजीकाकांना घेऊन आली. वय पन्नाशीच्या पुढे, सगळं आयुष्य हळदीत नि वरातीत वाजवण्यात गेलेलं. त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ह्याला ताल हाय, का नुसता राग हाय?" प्रणिता म्हणाली, दोन्ही हाय काका. डबल पेडल त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मध्येच तुटणारे ठेकेही चुकायचे. मग आम्ही तीन गाणी त्यांच्या हाताप्रमाणे बदलली, दोन टाकून दिली. एका गाण्यात त्यांनी वरातीचा ठेका घातला. उर्वी आधी नको म्हणाली आणि नंतर त्यावरच तिने नवी चाल बसवली.

कार्यक्रम एका लग्नाच्या हॉलमध्ये, भर दुपारी. मालकाला आम्ही संगीत एवढंच सांगितलं होतं. माणसं आली ती निरनिराळी: उर्वीच्या कॉलेजची मुलं, अख्खी बेंजो पार्टी, गणपतींच्या कारखान्यांतले रंगकाम करणारे, पनवेलहून काळ्या टीशर्टमधली दहाबारा जणं. साईराज पोरीला कडेवर घेऊन मागे उभा होता. मैनामावशी कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसल्या, आणि दिनानाथकाका कापसाशिवाय. विराज आला नाही.

पहिल्या गाण्यालाच हॉलचा मालक धावत आला आणि आवाज कमी करायला सांगू लागला. प्रणिताने माईक खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. ती स्टेजच्या कडेला आली आणि माईकशिवाय ओरडली, बांध फुटल्याच्या गाण्याची पहिली ओळ, पुरी. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत तो आवाज गेला. मालक तिच्याकडे बघत राहिला. मैनामावशी उठल्या, त्याच्यापाशी गेल्या नि म्हणाल्या, "बघा, माईक काढला तरी येवढाच हाय. ऱ्हाऊ द्या." त्याला हसू आलं. पुढचं सगळं आम्ही पूर्ण आवाजात वाजवलं. गुणाजीकाकांच्या वरातीच्या ठेक्यावर काळ्या टीशर्टवाले आणि बेंजोवाले एकमेकांना धडका देत नाचले. मी आयुष्यात इतक्या चुका एका दिवसात केल्या नाहीत आणि इतका आनंदही मला कधी झाला नाही.

मेलबर्नची खांड पुण्यात वाजवून गेली. कार्यक्रम चांगला झाला म्हणतात. ते नाव अजून त्यांच्याकडे आहे आणि आमच्याकडेही. इंटरनेटवर लोक भांडतात, खरी कोणती. प्रणिता त्यात तोंड घालत नाही. मागच्या वर्षी विराजचा गिटारवाला साथीदारही सोडून गेल्याचं तिला कळलं, तेव्हा तिने विराजला मेसेज केला, थांबू नकोस. त्याचं उत्तर आलं की नाही, ते तिने सांगितलं नाही.

आता ती स्वतःची शेड चालवते. जोह्याच्याच दोन बायका हाताखाली आहेत. सकाळी रंगकाम, रविवारी रोहा. नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग ह्याच गिरणीत झालं, भिंतींना गाद्या लावून.

आणि नोकरीत माझी बदली महाडला झाली. हे तिला कसं सांगावं म्हणून मी दोन रविवार गप्प बसलो. शेवटी सांगितलं. तिने भांडण केलं नाही, हळहळही नाही. गिरणीची चावी मागून घेतली आणि म्हणाली, "जा. पण पुढल्या रविवारी ये. निशिगंधा म्हणून उर्वीच्या मेडिकलच्या दुकानातली मुलगी हाय, तिला बेस शिकायचाय. तिला सगळी गाणी बसवून दे, मग जा."

त्या रविवारी मी गेलो. निशिगंधाने बेस उलटा धरला होता. प्रणिताने तो सरळ करून तिच्या गळ्यात अडकवला आणि गुणाजीकाकांना म्हणाली, घ्या काका, पहिल्यापासून.