दाजींच्या रिकाम्या बाटल्या

माणसं, झाडं, म्हशी, डोंगर असं या जगात वेगळं काही नसतंच, सगळी मूलद्रव्यंच असतात, यावर आमच्या दाजींची जेवढी श्रद्धा आहे तेवढी कुणाची देवावरही मी पाहिलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. वितळलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण दोन-चार मूलद्रव्यांवर भागणारा हा माणूस नव्हता. लोक बैठकीच्या खोलीतल्या कपाटात बाहुल्या आणि बक्षिसाचे कप मांडतात. दाजींनी तिथं काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत एकेक मूलद्रव्य. गंधक किराणा दुकानातलं, जस्त जुन्या सेलातलं, पारा आक्काच्या थर्मामीटरमधला. टंगस्टन बल्बच्या तारेतून मिळतं हे कळल्यापासून आमच्या आईनं गेलेला बल्ब कधी फेकला नाही. "जावयाला लागतोय," म्हणून ती तो फडक्यात गुंडाळून ठेवायची. खानापूरच्या जत्रेत एकदा त्यांनी फुगेवाल्याला गाठून विचारलं, "ह्यात हेलियम हाय का हायड्रोजन?" फुगेवाला फुग्याकडं एकदा बघून म्हणाला, "फुगा हाय."

कपाटाच्या खालच्या फळीवरच्या बाटल्या मात्र रिकाम्या असत. चिठ्ठ्या लावलेल्या, बुचं घट्ट बसवलेली, पण आत काही नाही. ती माणसानं प्रयोगशाळेत बनवलेली मूलद्रव्यं. निसर्गात बहुतेक सापडत नाहीत, आणि त्यातली कित्येक तर बनवली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी होतात. नवा पाहुणा हटकून म्हणायचा, "ह्यात तर कायबी न्हाय की." दाजी बाटली उजेडात धरून गंभीरपणे सांगायचे, "आत्ता हुतं. तुमास्नी यायला उशीर झाला." आक्का आतून म्हणायची, "रिकामी बाटली पुसायची कशासाठी, तेवढं मला कुणीतरी सांगा." पण पुसायची तीच.

मग एका वर्षी आक्काच्या गळ्याशी गाठ आली. डॉक्टरांनी बेळगावात स्कॅन करायला सांगितलं, तेव्हा मीही दोघांबरोबर गेलो. आक्काला आत नेताना तिथल्या मुलीनं समजावलं की आधी टेक्नेशियमचं, किंचित किरणोत्सारी इंजेक्शन देतील, मग फोटो काढतील. दाजी जागच्या जागी थांबले. माणसानं बनवलेलं पहिलं मूलद्रव्य ते. खालच्या फळीवरची पहिली बाटली त्याचीच. मला वाटलं, आता ती मुलगी सापडली. हे तिला तासभर सोडत नाहीत. पण दार बंद झालं आणि दाजी बाकावर येऊन मुकाट बसले. हात गुडघ्यांवर, नजर दाराकडं.

"दाजी, पाणी आणू का?"

"नको रं," ते म्हणाले. "आयुष्यभर वाटत हुतं, हे एकदा तरी जवळनं बघायला मिळावं. पण असं न्हाय."

मग त्यांनी आक्काची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आक्का बाहेर आली ती पदर सावरत. "झालं बाई. आज लहान पोरांस्नी जवळ घेऊ नका म्हणाले." दाजींनी तिच्या अंगात काय गेलंय ते तिला हळू आवाजात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता मलाबी चिठ्ठी लावून कपाटात ठेवताय काय?" दाजी हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसू लागले.

रिक्षात मी म्हटलं, "दाजी, जरा अंतर ठेवून बसा."

"ते लहान पोरांस्नी सांगितलंय," ते म्हणाले आणि आक्काकडं आणखी सरकून बसले.

गाठ साधी निघाली. या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. कपाट खानापूरकडच्या एका शाळेत गेलं. दाजींना हल्ली फारसं आठवत नाही. माझं नावही कधीकधी आक्का त्यांना सांगते. संध्याकाळी ती त्यांना बेळगावच्या कॅम्पात फिरायला नेते. परवा मीही सोबत होतो. चर्चची घंटा वाजली तसे दाजी थबकले आणि बोट वर करून म्हणाले, "ही घंटा कशाची असती सांगू? तांबं, आणि..." पुढचा शब्द येईना. ते रस्त्याकडं बघत राहिले. आक्कानं घाई केली नाही. थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच बोलावं तशी ती म्हणाली, "कथील."

"व्हय, कथील," दाजी समाधानानं म्हणाले, आणि तिचा हात धरून पुढं चालू लागले.